गुणांचा तक्ता: परदेशाच्या दाराचा इतिहास



संयोजकांनी आजचा विषय थोडक्यात असा कळवला होता: गुणांवर मिळणारा व्हिसा आणि तो मिळण्याची शक्यता कशी वाढवावी. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांना हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. आम्ही तो आनंदाने घेतला, कारण 'गुण' हा शब्द आमच्याच घरचा. वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची यादी केली तेव्हा द्रव्याच्या पाठोपाठ गुण आला, आणि प्रशस्तपादांनी असे 24 गुण मोजले. पत्रिका जुळवताना आपण 36 गुण बघतो आणि 18 जुळले की पुढची बोलणी करतो. शाळेत तर गुण म्हणजे सरळ मार्क. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांनी हे तिन्ही अर्थ एकत्र आणले. माणसाच्या अंगचे गुण पाहायचे, त्यांना मार्क द्यायचे आणि जुळले तर घरात घ्यायचं.

समोर तरुण मंडळी आहेत, त्यांचे आईवडीलही आहेत. दोघांच्याही मनात आकडा आहे, हे आम्ही जाणतो. "चारशे सत्तर आहेत, होईल का?" असा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. त्या प्रश्नाकडे आपण येऊच. पण त्याआधी हा तक्ता आला कुठून, ते पाहू. त्यातल्या बऱ्याचशा ओळी कुठल्या ना कुठल्या जुन्या भांडणातून आलेल्या आहेत. ते भांडण कळलं की कष्ट कुठे घ्यायचे आणि जीव कुठे जाळायचा नाही, हे उमगतं.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करावी लागते. 1897 च्या जानेवारीत गांधीजी दरबानच्या धक्क्यावर उतरले आणि गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, हे आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी नाताळ वसाहतीने एक कायदा केला. हिंदी माणसांना बंदी, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट होती. ब्रिटिश साम्राज्याला भारतीय प्रजेला उघड उघड 'तुम्ही नको' म्हणायचं नव्हतं, आणि वसाहतींना तर ती माणसं नकोच होती. भाषेच्या अटीने दोघांचीही सोय झाली. वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षीच्या वसाहतींच्या परिषदेत हा मार्ग इतरांनाही सुचवला.

ऑस्ट्रेलियाने तो 1901 मध्ये उचलला. बंदरावर अधिकारी युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा वाचून दाखवणार, उतरणाऱ्याने तो लिहून घ्यायचा. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार! नको असलेला माणूस इंग्रजी जाणत असेल तर त्याला दुसऱ्याच भाषेतला उतारा घालायचा. 1909 नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. 1934 मध्ये एगॉन किश नावाचे झेक पत्रकार आले. हिटलरच्या विरोधात भाषणं द्यायला आलेले हे गृहस्थ सरकारला नको होते. त्यांना बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिकमधला उतारा काढला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि सरकार हरलं. तरीही ही परीक्षा कायद्याच्या पुस्तकातून जायला 1958 साल उजाडलं.

कॅनडाने वेगळी युक्ती काढली. 1908 चा नियम असा, की माणसाने आपल्या देशातून मध्ये कुठेही न थांबता थेट कॅनडात यावं. वाचायला अगदी निरुपद्रवी. पण हिंदुस्थानातून कॅनडाला असं थेट जाणारं जहाजच नव्हतं, आणि हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. 1914 च्या मे महिन्यात बाबा गुरदित्त सिंग यांनी भाड्याने घेतलेलं 'कोमागाता मारू' हे जहाज 376 प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोहोचलं. मोजक्या माणसांना उतरू दिलं. बाकीचे दोन महिने बंदरात जहाजावरच अडकून पडले आणि 23 जुलैला जहाज परत फिरवलं गेलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे गोळीबार झाला आणि त्यात काही प्रवाशांनी प्राण गमावले.

पुढे आपण स्वतंत्र झालो, राष्ट्रकुलात राहिलो, आणि 1951 मध्ये कॅनडाने भारताला कोटा दिला. किती? वर्षाला 150 माणसं. एवढ्या मोठ्या देशाला, एका एसटीच्या तीन गाड्या भरतील इतका!

हा सगळा पट एवढ्यासाठी मांडला की 'गुणांचा तक्ता' या रुक्ष वस्तूचं मोल कळावं. आज तक्त्याकडे बघून आपण कुरकुरतो. पण तक्ता नव्हता तेव्हा माणसाचा निकाल त्याच्या कातडीवर, जन्मस्थळावर आणि समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर लागत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडाचे कारखाने वाढले. पुढे युरोपातच समृद्धी आली आणि तिथून येणारी कुशल माणसं कमी पडू लागली. शिवाय जगात मानवी हक्कांची भाषा बोलायची आणि घरी वंशाचा नियम ठेवायचा, हे विसंगत दिसत होतं. 1962 मध्ये एलन फेअरक्लॉ या मंत्री असताना वंशावर आधारलेले बहुतेक नियम काढले गेले. फेअरक्लॉ या कॅनडाच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. पण जुना नियम काढला तरी एक अडचण उरली. कुशल माणूस घ्यायचा म्हणजे नेमका कोणता? ते अधिकारीच ठरवणार असेल, तर मर्जी परत मागच्या दाराने आत येते.

टॉम केंट नावाच्या सनदी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने यावर उत्तर तयार झालं आणि 1 ऑक्टोबर 1967 पासून ते अमलात आलं. नऊ निकष, एकूण 100 गुण, उत्तीर्ण व्हायला 50. शिक्षणाला जास्तीत जास्त 20, शिक्षणाच्या दरवर्षाला एक गुण. धंद्याला तिथे किती मागणी आहे याला 15. कौशल्याला 10, वयाला 10, आधीच ठरलेल्या नोकरीला 10, इंग्रजी आणि फ्रेंच मिळून 10. नातेवाईक असेल तर 5, ज्या भागात जायचं तिथल्या रोजगाराच्या स्थितीला 5. राहिले 15, ते अधिकाऱ्याने मुलाखतीत माणूस पारखून द्यायचे.

आता हिशेब करा. आपल्याकडचा 28 वर्षांचा इंजिनिअर, शाळा-कॉलेज मिळून 16 वर्षं शिकलेला. शिक्षणाचे 16, वयाचे 10, झाले 26. हातात नोकरी नाही, तिकडे ओळखीचं कुणी नाही, आणि निम्मी मजल मारून झाली! ज्या देशाने 53 वर्षांपूर्वी जहाज परत फिरवलं होतं, त्याच देशाच्या कागदावर हे गणित आता मांडता येत होतं. आज टोरांटोत जे जुनं मराठी कुटुंब भेटतं, त्याच्या मुळाशी बहुधा हा बदल असतो.

ऑस्ट्रेलियाने 1973 मध्ये वंशाची अट पूर्ण सोडली आणि 1979 मध्ये स्वतःचा गुणतक्ता आणला. न्यूझीलंडने 1991 मध्ये आणला. अमेरिकेत मात्र अशी पद्धत आजवर आलेली नाही. 2013 मध्ये तसा प्रस्ताव सिनेटने मंजूर केला होता, पण प्रतिनिधिगृहात तो पुढे सरकला नाही. म्हणून तिथे लॉटरी आणि ग्रीन कार्डची लांबलचक रांग, हे आपण घरोघरी पाहतो.

इथवर गोष्ट सुखाची आहे. पण तक्त्यालाही दोष होते आणि त्यांची किंमत माणसांनी मोजली.

पहिला दोष न्यूझीलंडमध्ये दिसला. शिक्षणाला भरपूर गुण होते, म्हणून डॉक्टर आले. पण तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी मिळेना. गुण देणारं खातं वेगळं आणि व्यवसायाची परवानगी देणारी संस्था वेगळी. मग डॉक्टर टॅक्सी चालवू लागले. 1995 मध्ये नियम बदलला आणि अशा व्यवसायांसाठी आधी नोंदणी हवी असं ठरलं. यातला धडा आजही लागू आहे. डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील यांनी व्हिसाच्या गुणांबरोबरच आपल्या व्यवसायाच्या परवान्याची चौकशी इथे असतानाच करावी. एक कागद मिळाला म्हणजे दुसरा मिळाला, असं होत नाही.

दुसरा दोष कॅनडात, आणि तो अधिक क्रूर. 50 ला उत्तीर्ण म्हटलं, की 50 मिळवणारा प्रत्येक जण पात्र. जागा मात्र मोजक्या. मग रांग लागते. 2002 मध्ये नवा कायदा आला, उत्तीर्णतेची रेषा 100 पैकी 75 ठेवली, 2003 मध्ये ती 67 वर आणली. अर्जांचा ढीग वाढतच गेला. लोक पाच पाच, सात सात वर्षं थांबले. शेवटी 2012 मध्ये सरकारने कायदाच केला. 27 फेब्रुवारी 2008 पूर्वीचे, निर्णय न झालेले अर्ज रद्द. सुमारे 2,80,000 माणसांची आशा एका कलमाने संपली. फी परत मिळाली. पण तोवर वाढलेलं वय, पुढे ढकललेलं लग्न, न घेतलेलं घर यांचं काय? त्यांनी चूक काहीही केली नव्हती. सांगितलेली परीक्षा ते उत्तीर्ण होऊन बसले होते.

यातून पद्धतीने जे वळण घेतलं, ते आजच्या अर्जदाराने नीट समजून घ्यावं. न्यूझीलंडने 2003 मध्ये आधी इच्छा नोंदवायची, मग निवड आणि मग अर्ज, अशी रीत आणली. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये आणि कॅनडाने 1 जानेवारी 2015 पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' या नावाने तीच धरली. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्वी ही दहावीची परीक्षा होती, 35 मिळाले की पास. आता ती अकरावीच्या प्रवेशाची यादी झाली. तुमचे मार्क किती, याच्याइतकंच इतरांचे किती आणि जागा किती, हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात आज 65 गुण लागतात, पण ते नुसते यादीत बसण्यासाठी. बोलावणं त्याहून बऱ्याच वरच्याला येऊ शकतं.

कॅनडाच्या आजच्या तक्त्यात एकूण 1200 गुण आहेत. 31 जानेवारी 2015 च्या पहिल्या फेरीत 779 जणांना बोलावलं, कट-ऑफ 886. 13 फेब्रुवारी 2021 ला 27,332 जणांना बोलावलं, कट-ऑफ 75! महामारीत सीमा बंद, म्हणून आधीच कॅनडात काम केलेल्यांच्या गटातून भरती केली. सहा वर्षांत 886 चे 75 झाले, ते काही माणसांची लायकी घसरली म्हणून नव्हे. गरज बदलली, गट बदलला, आकडा बदलला. नोकरीच्या प्रस्तावाचंही तसंच. 2015 मध्ये त्याला 600 गुण होते, 2016 च्या नोव्हेंबरात बहुतेकांसाठी ते 50 झाले, आणि 2025 च्या मार्चमध्ये पार काढून टाकले. प्रस्तावांची खोटी पत्रं विकण्याचा बाजार मांडला गेला होता, हे त्यामागचं एक कारण. ज्यांनी तसल्या पत्रासाठी लाखो रुपये मोजले, त्यांच्या हाती काय राहिलं, ते सांगायला नको.

बरं, मग करायचं काय? इतिहासातून जे निघतं ते सांगतो. आकडे आजचे आहेत. अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

पहिली गोष्ट भाषा. अधिकाऱ्याच्या मर्जीचे जे 15 गुण होते ते नव्या तक्त्यातून गेले आणि भाषेचं वजन वाढलं, कारण भाषा बाहेरच्या परीक्षेत मोजता येते. समजा, एक अविवाहित मुलगी आहे, एम.ई. झालेली, इकडचा तीन वर्षांचा अनुभव. आयईएलटीएसमध्ये तिला ऐकण्यात साडेसात आणि वाचन, लेखन, बोलणं यांत साडेसहा. तिने चारही विभागांत फक्त अर्धा अर्धा बँड वाढवला, म्हणजे ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7, तर थेट भाषेचे 32 गुण वाढतात. शिवाय शिक्षण आणि अनुभव यांना भाषेशी जोडून जे गुण मिळतात, तेही प्रत्येकी 25 ने वाढतात. एकूण 82. आता वयाचं बघा. 29 व्या वर्षी 110 गुण असतात, 35 व्या वर्षी 77. म्हणजे सहा वर्षांत 33 गुण जातात आणि अर्ध्या बँडमध्ये 82 येतात. "इंग्रजी मीडियमची आहे, तयारी कशाला" म्हणून एका रविवारी परीक्षा देऊन मोकळं होणं म्हणजे हे 82 गुण रस्त्यावर टाकणं. दोन-तीन महिने नेटाने अभ्यास करा, लेखनाचा जास्त. आपली मुलं बहुधा तिथेच अडखळतात.

दुसरी गोष्ट, दुसरी भाषा. कॅनडात फ्रेंचला 1967 पासून मान आहे, पण आता तिला वेगळी ताकद आली आहे. इंग्रजीबरोबर चांगलं फ्रेंच असेल तर 50 पर्यंत जास्तीचे गुण मिळतात. शिवाय 2023 पासून फ्रेंच जाणणाऱ्यांच्या स्वतंत्र फेऱ्या निघतात आणि त्यांचा कट-ऑफ पुष्कळ खाली असतो. पुण्यात आणि मुंबईत अलियांस फ्रान्सेझ आहे. वर्ष-दीड वर्षाचं काम आहे, पण वाया जात नाही.

आणि ऑस्ट्रेलियात? दुभाष्यांना मान्यता देणारी नाटी नावाची संस्था तिथल्या समाजात बोलल्या जाणाऱ्या भाषांची परीक्षा घेते, त्यात आपली मराठी आहे. दोन संवाद ऐकायचे, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी तोंडी करायचं. उत्तीर्ण झालं की 5 गुण. मंडळी, ज्या देशाने 1901 मध्ये भाषेची परीक्षा माणसं बाहेर ठेवण्यासाठी काढली, तोच देश आज मराठी येते म्हणून 5 गुण देतो. ज्या मुलांना घरात मराठी बोलायचा कंटाळा येतो, त्यांना हे जरूर सांगा.

तिसरी गोष्ट कागद. कॅनडाकडून बोलावणं आलं की अर्जाला 60 दिवस मिळतात. आपल्याकडे विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट मिळवायला कधी कधी त्यातले निम्मे खिडक्यांपुढेच जातात. म्हणून पदवीचं मूल्यांकन, पासपोर्ट, पोलीस दाखला, बँकेचा पुरावा यांची तयारी आधीच ठेवा. अनुभवाचं पत्र तर फारच जपून घ्या. कंपनी सहसा दोन ओळींचं पत्र देते, अमुक ते अमुक तारखेपर्यंत नोकरीत होते. ते पुरत नाही. पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काम, हे सगळं लेटरहेडवर हवं. तिथे पदनामापेक्षा केलेलं काम बघतात. नोकरी सोडतानाच हे पत्र मागून घ्या, कंपनी बंद पडल्यावर कोण देणार? भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो आणि मूल्यांकन पाच, याही तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

चौथी गोष्ट घरातली आहे. नवराबायको दोघं जाणार असतील तर मुख्य अर्जदार नवराच, असं आपल्याकडे न बोलताच ठरतं. तसा नियम कुठेही नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. बायको लहान आहे, जास्त शिकलेली आहे, तिची भाषा चांगली आहे, असं असेल तर तिचं नाव पुढे करा. या ठिकाणी मान आडवा आला तर नुकसान दोघांचंही होतं.

पाचवी गोष्ट मोठ्या शहरांचा मोह. टोरांटो, सिडनी सर्वांनाच हवं असतं. कॅनडातल्या एखाद्या प्रांताने तुमची निवड केली तर 600 गुण मिळतात, ऑस्ट्रेलियात राज्याच्या नामांकनाला 5 आणि प्रादेशिक भागासाठी 15. पण तिथे जाऊन खरोखर राहायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

आणि शेवटची गोष्ट खोटेपणाची. खोटा अनुभव, फुगवलेलं पद, नातेवाइकांकडून तात्पुरते खात्यात ठेवलेले पैसे. "सगळेच करतात" म्हणणारा एजंट भेटेल. कॅनडात हे उघडकीला आलं तर पाच वर्षं दार बंद होतं, आणि सही तुमची असते, एजंटची नसते. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथे वकिलांना आणि सरकारमान्य नोंदणी असलेल्या सल्लागारांनाच आहे. नोंदणी क्रमांक मागा. द्यायला कुरकूर केली तर उठून या.

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने दोन गोष्टींत फरक केला. काही वस्तूंना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाला प्रतिष्ठा असते, त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. गुणांचा तक्ता किंमत सांगतो, तीही एका देशाची, एका वर्षाची. तिशी ओलांडली की तो पाच गुण कापतो, पण तिशीनंतर आपली मुलगी कमी झाली असं कुणी म्हणेल का? 1951 चा कोटा आपल्या लायकीचं माप नव्हता, आणि परवाच्या फेरीचा कट-ऑफही नाही. 2012 मध्ये ज्यांचे अर्ज रद्द झाले त्यांच्यात उत्तम इंजिनिअर होते, उत्तम शिक्षक होते.

म्हणून प्रयत्न पूर्ण करा, पण त्याला मुदत घाला. दोन वर्षं, तीन वर्षं, जे ठरेल ते. तोवर इथली नोकरी, इथलं शिक्षण, लग्न, घर, यातलं काहीही अडवून ठेवू नका. बोलावणं आलं तर भरल्या घरातून निघाल. नाही आलं, तरी भाषा सुधारलेली असेल, कागद नीट लागलेले असतील, कदाचित फ्रेंच येत असेल, आणि घरात कुणी कुणाकडे नापास झाल्यासारखं बघत नसेल.

आता प्रश्न घेऊ. ज्यांचे आकडे तयार आहेत त्यांनी आधी हात वर करावा.